मला रेहानाची आई हवी होती

तपासणीच्या टेबलावर मी डॉक्टरीणबाईंना लाथ मारली. हत्यारांचा ट्रे खाली पडला. नर्सने माझे पाय धरले, तशी मी इतकी ओरडले की बाहेर बाकावरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकाहत्तर वर्षांची बाई मी, आणि माझ्याखालची चादर ओली झाली होती.

बाईंनी नर्सला पाय सोडायला सांगितलं. सगळ्यांना बाहेर काढलं, माझ्या सुनेलाही. मग स्टूल ओढून जवळ बसल्या. "आजी, लहानपणी कोणी अंगाला हात लावला होता का?"

मी हो म्हटलं. तोवर कोणी विचारलंच नव्हतं.

पाळी जाऊन वीस वर्षं झाल्यावर मला परत रक्त जायला लागलं होतं. त्याला पोस्टमेनोपॉझल ब्लीडिंग म्हणतात. ते कधी साधं असतं, कधी गर्भपिशवीचा कॅन्सर असतो. कळायला बायॉप्सी लागते, म्हणजे पिशवीच्या आतला बारीक तुकडा काढून तपासतात. माझं हृदय कमजोर, म्हणून भूल द्यायला बाई तयार नव्हत्या. जागेपणीच करायचं होतं आणि मी तर कोणाला जवळ येऊ देत नव्हते. त्यांनी मला मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

तिथल्या मॅडम कोल्हापूरच्या, वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी दुखण्याचं नाव सांगितलं, पीटीएसडी. म्हणजे भीतीचा प्रसंग होऊन जातो, पण अंगाला वाटत राहतं की तो अजून चाललाय. त्यावर गोळ्या थोड्या आणि ग्रुप थेरपी जास्त. एकाच दुखण्याच्या बायकांनी गोल बसून बोलायचं. एकीने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये सल्ला द्यायचा नाही, हे खरं का ते खरं असं करायचं नाही.

दर बुधवारी मी मिरजोळ्याहून रिक्षाने जायची. आम्ही पाच जणी होतो. त्यात रेहाना, तिशीची, खाडीपलीकडच्या गावातली. तिला तिची अम्मी घेऊन यायची आणि आमचं संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहायची. मुलगी बाहेर आली की पिशवीतून चहा काढायची, तिच्या कपाळावरचा घाम ओढणीने पुसायची. एवढ्या मोठ्या घोडीचा घाम. मला बघवायचं नाही.

मग रेहानाने आपली गोष्ट सांगितली. शेजारचा एक बोटीवरचा माणूस होता. ती आठ वर्षांची असताना तिने अम्मीला सांगितलं. अम्मी मासे कापत होती. तशीच हातातली सुरी घेऊन धक्क्यावर गेली आणि जाळी विणत बसलेल्या सगळ्या माणसांसमोर त्याचं नाव घेऊन ओरडली. पुढे दोन वर्षं आळीतलं कोणी त्यांच्याशी बोललं नाही. अम्मीने पर्वा केली नाही.

एवढं सांगून रेहाना रडायला लागली. मी म्हटलं, "अशी आई असताना तुला इथं यायचं काय नडलंय गो? रडायचं आम्ही."

मॅडमनी मला थांबवलं. पण रेहाना डोळे पुसून म्हणाली, "अम्मी होती आजी. पण झालेलं थोडंच पुसलं जातं?"

पुढच्या बुधवारी मी गेले नाही. घरी नारळ सोलत बसले. मनात एकच चालू होतं, तिला ती आई आणि मला ही. मी सांगितलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आईने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग तो हात धुतला आणि भाकऱ्या थापायला बसली. रात्री पहिलं पान, मी ज्याचं नाव घेतलं त्यालाच वाढलं. मेलेल्या आईवर मी एवढी कधी चिडले नव्हते.

त्याच आठवड्यात पुन्हा रक्त गेलं, या वेळी जास्त. सून घाबरली. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला की आता थांबून चालणार नाही. म्हणून मी बुधवारी ग्रुपला गेले. मुकाट बसले आणि माझी वेळ आल्यावर बोलले. माझे मोठे काका. गणपतीत आमच्या घरचं गाऱ्हाणं तेच घालायचे. देवापुढे उभं राहून सगळ्या घराचं भलं मागायचे आणि प्रत्येक वाक्याला आम्ही सगळ्यांनी ‘होय महाराजा’ म्हणायचं. मीही म्हणायची. लग्न होईपर्यंत दर वर्षी, आईच्या शेजारी उभी राहून.

मी थांबले. नियमाप्रमाणे कोणी काही बोललं नाही. मला ती शांतता सोसेना. मी त्या माणसाला इतकी वर्षं हो म्हटलं आणि मला कोणी हो म्हणायला तयार नाही.

"कोणी तरी हो म्हणा," मी म्हटलं.

मॅडम समजावू लागल्या की इथे आपण फक्त ऐकतो. त्यांना आमच्याकडचं गाऱ्हाणं काय माहीत. रेहानाला माहीत होतं, शेजारच्या हिंदू घरांत ऐकतच ती वाढलेली.

ती म्हणाली, "व्हय म्हाराजा."

मग बाकीच्या तिघीही म्हणाल्या. एकीला हसू आलं, मग सगळ्यांनाच आलं. मॅडमनी नियम बाजूला ठेवला.

निघताना मी रेहानाला विचारलं, "तुझी आई मला एक दिवस देशील?"

"न्या की," ती म्हणाली. "पण बोलते फार, सांगून ठेवते."

बायॉप्सीला रेहानाची अम्मी माझ्या उशाशी उभी राहिली. माझ्याहून वीस वर्षांनी लहान बाई. "काकी, वर बघा, माझ्याकडं," म्हणाली आणि आपल्या सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. डॉक्टरीणबाईंनी आधीच कबूल केलं होतं की मी थांबा म्हटलं की त्या थांबतील. मी दोनदा म्हटलं. त्या दोन्ही वेळा थांबल्या. तिसऱ्या वेळी तुकडा निघाला.

तुमच्यावर ही वेळ आली तर टेबलावर झोपण्याआधी डॉक्टरांना सांगा. कारण नाही सांगितलं तरी चालेल. मला तपासणीची भीती वाटते, थांबा म्हटलं की थांबा, एवढं पुरतं. आणि सोबत बाई न्या. आपली नसेल तर दुसरीची मागा.

कॅन्सर नव्हता. साधा मांसाचा कोंब होता, पॉलिप म्हणतात, तो पुढे काढला. बुधवारी मी अजून जाते. रेहाना आईच्या मागे स्कूटरवर बसून जाते तेव्हा मला अजून जळायला होतं. मॅडम म्हणतात, जळू दे, तशी आई तुमच्या हक्काचीच होती.

आमच्या घरात काय झालं ते तीन माणसांना माहीत होतं. काका गेले, आई गेली. मी आहे.