चेल्याबिन्स्कचं घर पाहणं

आमच्याकडे मुलगी द्यायची तर आधी घर पाहायला जातात. मुलाला नंतर पाहतात. चार-पाच वडीलधारी माणसं त्या गावी जातात आणि चहा घेता घेता नजर फिरवतात. उन्हाळ्यात विहिरीला पाणी राहतं का, ढोलीत धान किती आहे, गोठा स्वच्छ आहे का, शेजाऱ्याशी शेताच्या धुऱ्यावरून भांडण तर नाही ना, हे सगळं बघून येतात. मग आपल्या घरापुढच्या सपरीत बसून सांगतात, घर पसंत आहे किंवा नाही.

माझ्या पुतणीसाठी असंच घर पाहायचं ठरलं, पण ते लग्नासाठी नव्हतं. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि घर रशियात होतं.

ती माझ्या मोठ्या भावाची एकुलती मुलगी. दादा गावी धानाची शेती करतो. मी तिथून नऊ किलोमीटरवर, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावला राहतो आणि तिथल्या शाळेत भूगोल शिकवतो. पोरीनं दोनदा प्रवेश परीक्षा दिली, दोन्ही वेळा सरकारी जागेला गुण कमी पडले. मग कुणीतरी गोंदियाच्या एका हॉलमधल्या कार्यक्रमाची जाहिरात तिला पाठवली. परदेशात वैद्यकीय शिक्षण. मी, दादा आणि ती, तिघं गेलो.

कोट घातलेल्या एजंटनं आमच्या हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक दिलं. वर कारंजी, फुलांचे ताटवे, बर्फात हसणाऱ्या मुली. शहराचं नाव चेल्याबिन्स्क. "एकदम ग्रीन सिटी है सर जी. शांत, सेफ. बच्ची को घर जैसा लगेगा."

ते नाव मला ठाऊक होतं. उरल पर्वताच्या पूर्वेला, पोलाद, ट्रॅक्टर, जस्त. दहावीच्या वर्गाला नकाशात मी ते दाखवलेलं आहे. पुस्तकात एकाही कारखान्याचा फोटो नव्हता. मी उभा राहून विचारलं, "तिथले कारखाने यात का दाखवले नाहीत?"

"कारखाने तो नागपूर में भी हैं सर जी. नागपूर नहीं जाते क्या आप?"

हॉल हसला. दादासुद्धा हसला. माझी पुतणी खाली मान घालून बसली, आणि तिला माझी लाज वाटते आहे हे मला दिसलं. त्या शहराशी माझं वैर तिथं सुरू झालं. तेव्हा मला वाटत होतं की हे वैर पोरीच्या काळजीपोटी आहे.

आमच्या घरात पदवी घेतलेला मी पहिला. बारावीनंतर बाप मला शेतात घालणार होता. शाळेतले गुरुजी ऐन धानाच्या रोवणीत सायकलवर गावी आले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून शेताच्या चिखलानं भरलेल्या बांधीत उतरले आणि बापाच्या शेजारी उभे राहून म्हणाले, "याले कॉलेजात टाका, नाही तं मी इथून हालत नाही." बाप लाजला आणि हो म्हणाला. त्या माणसाचे उपकार मी फेडू शकत नाही. तेव्हापासून घरात माझा शब्द मोठा. पीकविम्याचा अर्ज असो की कुणाचं आयटीआय, आधी मला विचारतात. मला जे मिळालं ते इथल्याच शाळा-कॉलेजांत मिळालं, म्हणून दुसऱ्यालाही इथंच मिळावं असं मला मनापासून वाटत आलं आहे. पोरीनं तिसऱ्यांदा परीक्षा द्यावी, हे माझं मत मी आधीच दिलेलं होतं.

दादा म्हणाला, "तू शिकलेला हायेस. घर तूच पाहून ये."

"रशियाले जाऊन?"

"तुज्या कॉम्प्युटरात जाऊन. जे दिसलं ते आम्हाले सांग. मंग ठरवू."

आठ दिवस शाळा सुटल्यावर मी तेच केलं. एक वही केली. पुढच्या बाजूनं वाईट लिहीत गेलो, मागच्या बाजूनं चांगलं. वर्गात फायदे-तोटे असेच लिहायला लावतो मी. पुढची पानं भराभर भरली. मागची भरताना माझा हात जड व्हायचा, पण तीही भरली. जे आहे ते न लिहिणं मला जमत नाही.

सगळ्यांसमोर वाचून दाखवलं मात्र मी अर्धंच.

रविवारी सकाळी सपरीत सगळे बसले. सौंदडहून आमची थोरली बहीण आली होती, म्हणजे पोरीची आत्या. केशोरीहून पोरीचा मामा आला होता. वहिनी दारात, पुतणी खांबाला टेकून उभी. मी वही उघडली.

सांगितलं की दहा लाखांच्या वर वस्ती आहे. मधून मियास नावाची नदी जाते. जुनं व्यापारी ठाणं, उंटांचे तांडे तिथून जायचे, म्हणून शहराच्या चिन्हावर अजून उंट आहे.

"बर्फात उंट?" मामा म्हणाला. "येडे हायेत का ते लोक?"

"आता उंट नाहीत. कारखाने आहेत." मग मी कारखान्यांवर आलो आणि थांबलो नाही. आधी ट्रॅक्टरचा कारखाना झाला. दुसऱ्या महायुद्धात सगळीकडचे कारखाने उचलून तिथं आणले आणि रणगाडे काढले. पोलाद, पाईप, जस्त, सगळं शहराच्या पोटात. वारा पडला की धूर वर जात नाही, गल्लीत बसून राहतो. त्या दिवशी सरकार सूचना काढतं. हिवाळ्यात उणे वीस तर ठरलेलं, कधी उणे तीस. मेट्रोसाठी तीसेक वर्षं जमीन खोदली, तिच्यातून एक गाडी धावली नाही. काही वर्षांपूर्वी एका सकाळी आकाशातून उल्का फुटली, शहरभर खिडक्या फुटल्या आणि काचा लागून शेकडो लोक दवाखान्यात गेले.

आत्यानं तोंडावर हात ठेवला. "वरतून दगड पडते तिथं? आणि पोरीले तिथं धाडून राहिले तुमी?"

"लढाई पण चालू आहे ना त्याईची?" मामानं विचारलं.

"हाव," मी म्हणालो. तेवढंच. लढाईची सरहद्द त्या शहरापासून किती दूर आहे ते सांगितलं नाही. ते वहीच्या मागच्या बाजूला होतं.

"अशा थंडीत लोक जगतात कसे?" दादा म्हणाला.

इथं मला खरं सांगावं लागलं. शहरात मोठमोठी बॉयलरं आहेत, तिथून गरम पाणी पाईपांतून घराघरात जातं.

मामा राईस मिलमध्ये काम केलेला माणूस. त्यानं मांडीवर थाप मारली. "म्हणजे उसन्या तांदळासारखं! धान वाफवते तसं हे पुरं शहरच वाफवून राहिले!"

सगळे हसले, वहिनीसुद्धा. पोरीला वाटलं असावं की आता वारं फिरलं. ती पुढे आली. "काकाजी, जंगलाचं काऊन नाही सांगून राहिले? शहराच्या मधात पाइनचं जंगल आहे. मी वाचलं."

"असेल," मी म्हणालो. "धुरात जंगल काय करणार?"

आत्या म्हणाली, "जंगल पाहायले रशियाले जायाचं? आपल्याकडं कमी हाय का?"

तिथंच संपलं. चहा झाला. दादानं एकेकाकडे पाहिलं, एकेकानं मान हलवली. मग दादा म्हणाला, "घर पसंत नाही."

विहीर पाहिली, शेजार पाहिला, हवा पाहिली. ज्या कॉलेजात ती सहा वर्षं शिकणार होती त्याबद्दल पाच माणसांतल्या एकानंही प्रश्न केला नाही. मी शिक्षक. मीही केला नाही. वहीत, पुढे किंवा मागे, कॉलेजवर एक ओळ नव्हती. आम्ही घर पाहायला बसलो होतो आणि घर पाहूनच उठलो.

मंगळवारी ती माझ्या दारात आली, एकटी, एसटीनं. बस म्हटलं तर बसली नाही.

"वही द्या."

"कशाला?"

"मले पाहायची आहे. माझ्यासाठीच केली ना?"

मी दिली. माझ्या घरात वही मागणाऱ्याला नाही म्हणण्याची पद्धत नाही. तिनं ती उलटी केली आणि मागून उघडली. तिला माझी सवय माहीत होती, आठवीत मीच तिला तसं शिकवलं होतं. उभ्या उभ्या सगळं वाचलं. पाइनचं जंगल. ट्राम. लढाईची सरहद्द हजारहून जास्त किलोमीटर दूर. भारतातली मुलं शहरात आधीपासून राहताहेत.

"तुमाले मालूम होतं," ती म्हणाली.

"अगं, मी खोटं काही बोललो नाही."

"खोटं कोन म्हणते? एजंटानं फुलं दाखवली, तुमी धूर दाखवला. तोही अर्धा, तुमीही अर्धे. पण त्यानं तरी कॉलेजचं नाव घेतलं."

"तुझ्या भल्यासाठी केलं मी. इथं राहून परीक्षा दे. मी शिकवतो."

"तुमी भूगोल शिकवता, काकाजी!" ती ओरडली. शेजारची बाई बाहेर आली. "तुमच्यासाठी मास्तर बांधीत उतरला म्हणून शंभर वेळा सांगतलं तुमी. माझ्या वेळेस तुमी सपरीत खुर्चीवर बसून होते. त्या मास्तरानं तुमच्या बापाले कॉलेजची अर्धीच गोष्ट सांगतली असती तं आज कुठी राहिले असते तुमी?"

मला राग आला. खूप राग आला. तोंडातून गेलं, "दोनदा नापास झालेल्या पोरीनं मला शिकवू नये."

ती नापास झालेली नव्हती. गुण कमी पडले होते. हा फरक मी रोज वर्गात मुलांना समजावून सांगतो. तिनं वही ओट्यावर ठेवली आणि निघून गेली. त्या दिवसानंतर तिनं मला हाक मारलेली नाही.

पाच दिवस मी तिलाच दोष देत राहिलो. सहाव्या दिवशी, सोमवारी, शाळेत उद्योगधंद्यांचा धडा होता. नकाशावर बोट ठेवून ते नाव घेताना माझा आवाज बदलला, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "सर, ते शहर वाईट आहे का?" मी म्हणालो, शहर वाईट नसतं. आणि लगेच नकाशा गुंडाळला. मी मुलांना पाठ वाचायला लावला.

शाळा सुटताच गावी गेलो. रोवणी चालू होती. दादा बांधीत होता, बाया पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावत पुढे सरकत होत्या, आणि त्यांच्यात आमची पोरगीही वाकलेली होती. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. मी धुऱ्यावर उभा राहून म्हणालो, "दादा, घराचं मी अर्धंच सांगितलं होतं. अर्धं राहिलं."

"काऊन?"

"मला ते शहर आवडलं नव्हतं."

"तुले कोन विचारलं होतं आवडते का म्हणून?" दादा सरळ झाला. बाया थांबल्या. "पाच मानसं बसवली तुज्या शब्दावर. पोरगी आठ दिस जेवून नाही राहिली. आणि तू आता येऊन सांगून राहिला? शिकलेला मानूस!"

सगळ्या बांधीनं ऐकलं. मी वही काढली आणि मागची पानं तिथंच मोठ्यानं वाचली. कुणी हसलं नाही. वाचून झाल्यावर मी म्हणालो, "आणि कॉलेजबद्दल मी काहीच पाहिलं नाही. ते तिला विचार."

दादानं पोरीकडे पाहिलं. ती चिखलात तशीच उभी राहून सांगू लागली, मला नाही, बापाला. पहिली वर्षं इंग्रजीत शिकवतात, पण दवाखान्यात पेशंटशी रशियनच बोलावं लागतं, म्हणून ती भाषा शिकावी लागेल. परत आल्यावर इथं मोठी परीक्षा द्यावी लागते, तिच्यात पुष्कळ जण अडकतात. "मीही अडकू शकतो, बाबा," ती म्हणाली. आमच्याकडच्या पोरी असंच, पोरांसारखं बोलतात. तिनं फुलांची बाजू मांडली नाही. एजंटानं आणि मी जे केलं होतं, ते तिनं केलं नाही.

दादानं हातातले पऱ्हे चिखलात रोवले. मग म्हणाला, "तुज्या आत्याले मी सांगीन." आणि बायांना ओरडला, "चला वं, हात चालवा!"

ती सप्टेंबरात गेली. गोंदिया स्टेशनवर सगळे होतो. आत्या डोळे पुसत मला टोमणे मारत होती, "पाहा बापा, आता दगड पडला तं तूच उचलजो." पोरगी सगळ्यांच्या पाया पडली. माझ्यासमोर आली तेव्हा तिनं बॅगेचा पट्टा नीट केला आणि डब्यात चढली.

त्या शहराशी माझं जमलेलं नाही. रोज सकाळी मोबाइलवर तिथली हवा पाहतो. धूर बसल्याची सूचना असली की माझं दिवसभर कशात लक्ष लागत नाही, आणि त्या पोलादाच्या शहराला मनातल्या मनात शिव्या देतो. पोरीनं माझ्याशी अबोला धरला आहे, तो तिचा हक्क आहे. तिची खबर मला वहिनीकडून कळते.

मागच्या आठवड्यात शाळेआधी गावी चक्कर मारली, तेव्हा वहिनी व्हिडिओवर तिच्याशी बोलत होती. त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा अर्धाच तास मागे. ती कॉलेजला निघाली होती, नाकापर्यंत गुंडाळलेली, मागून ट्रामचा खडखडाट. मी वहिनीच्या पाठीमागे, तिला दिसणार नाही असा उभा राहिलो.

"मागं कोन आहे?" तिनं विचारलं.

वहिनी अडखळली. "तुझे काकाजी आहेत."

तिनं नाकावरचा स्कार्फ खाली ओढला.

"त्याईले म्हण, शाळेले उशीर होऊन राहिला," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

खरंच उशीर झाला होता. मी मोटारसायकल काढली.