आमरो टेसन

सन एकोणीसशे एक्केचाळीस. मी तेव्हा बावीस वर्षांचा. शाळा दुसरीतच सुटलेली, पण म्हसावदच्या बाजारात माझ्यावाचून शेठचं पान हलत नसे. डोंगरातले पावरा लोक डिंक, चारोळी, मोहाची फुलं घेऊन उतरत, त्यांच्याशी बोलायला शेठनं मला ठेवलं होतं. पावरी येते असं मीच सांगितलेलं. खरं म्हणाल तर घे, दे, बस, उद्या ये, एवढीच येत होती. तेवढ्यावर दोन वर्षं काढली.

त्या साली शेठनं रेडिओ आणला. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा, तार लिंबाला बांधलेली. मुंबई नुसती खरखरायची. पण काटा एका जागी नेला, की दिवस मावळताना एका बाईचं गाणं स्वच्छ लागायचं. भाषा कोणालाच कळेना. एका बाजारच्या दिवशी दुकानापुढं हीऽ गर्दी, आणि शेठनं मला हाक मारली.

"काय म्हनी ऱ्हायनी ती बाई? तुन्हा डोंगरवालासनी बोली दिखस."

मी कान लावला. बाई सारखी 'आमोर, आमोर' म्हणत होती. पावरीत आमरो म्हणजे आमचं, एवढं मला ठाऊक. मग मी कशाला मागं हटतोय? डोंगर आमचा, नदी आमची, बैल आमचे, असं अख्खं गाणं फोडून सांगितलं. लोक माना डोलवू लागले. काट्याच्या त्या जागेला पुढं सगळे 'आमरो टेसन'च म्हणत. लढाई संपेतो ते लागायचं, मग एकाएकी गेलं.

गर्दीत बाजाराची बोली थोडी जाणणारा तोरणमाळचा एक म्हातारा चारोळीची टोपली घेऊन बसला होता. शेठनं त्याला विचारलं, खरं का हे? म्हातारा हसायलाच लागला.

"ही आमची बोली नाय, शेठ. आमी समजत होतो, तुमची हाय."

तेवढ्यात शाळेचे गुरुजी चष्मा लावून काट्यापाशी वाकले. तिथं इंग्रजीत गावांची नावं होती. काट्याखालचं नाव वाचून म्हणाले, हे स्पेन देशातलं गाणं. आमोर म्हणजे प्रेम, हे अलीकडे नातवानं सांगितलं. असेल. शब्द मला बरोबरच ऐकू आला होता.

सगळे हसले, शेठ तेवढा हसला नाही.

"मंग दोन वरीस तू यासनासंगे काय बोली ऱ्हायनता? पुढला बाजारले बोलीन दाखाड. नहीते मी दुसरा मानूस ठेवसु."

मी म्हटलं, दाखवतो. म्हाताऱ्याला बाजूला घेऊन विचारलं, बोली शिकवाल का, बाबा? तो म्हणाला, बाजारातून घेतलेलं माझं मीठ डोंगरावर उचलून नेशील तर चल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मिठाची गोणी खांद्यावर टाकली आणि तोरणमाळच्या चढाला लागलो, दगडाला काय म्हणता, झाडाला काय म्हणता, विचारत.