सर्व्हर आणि लाल फडकं

आमच्या कारखान्यात औषधाच्या बाटल्यांची झाकणं बनतात. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एक पत्र्याची शेड आणि तिच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचं दुमजली ऑफिस, एवढाच सगळा पसारा. मी तिथला कॉम्प्युटरवाला. माझ्या हुद्द्याचं नाव बरंच लांबलचक आहे, पण वॉचमनपासून शेठपर्यंत कुणी ते उच्चारल्याचं मला आठवत नाही. प्रिंटरमध्ये कागद अडकला तरी मलाच हाक मारतात. याचा मला राग येतो, आणि कागद काढायला मीच जातो.

कुठलं झाकण कुठल्या मशीनवर, कुठल्या प्लास्टिकच्या दाण्यापासून, कोणत्या पाळीत बनलं आणि शेवटी कुठल्या खोक्यात गेलं, ही सगळी नोंद आमच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसमध्ये असते. सर्व्हर पडला की लेबलं छापली जात नाहीत, लेबल नसलेलं खोकं गेटबाहेर जात नाही, आणि ट्रकवाला रस्त्यावर हॉर्न वाजवत बसतो. पूर्वी हा सर्व्हर वरच्या मजल्यावर, माझ्या शेजारच्या एसी खोलीत होता. दिवाळीत शेठनी त्या खोलीला रंग देऊन तिथे मीटिंगचं टेबल टाकलं, आणि सर्व्हरची रवानगी खाली शेडमध्ये झाली. मालाची तपासणी होते त्या टेबलाला लागून एक आडोसा केला, आत एक पंखा बसवला, यूपीएस ठेवला आणि त्यातून सर्व्हरला जाणाऱ्या विजेसाठी बटणाचा एक बोर्ड लावला. आडोशाच्या दाराला कडी होती, कुलूप नव्हतं. दाराजवळच्या खिळ्यावर कुणीतरी एक लाल फडकं अडकवून ठेवलं होतं. मी त्याने चष्मा पुसायचो.

आणि मग सर्व्हर पडायला लागला.

पडायचा म्हणजे कसा, तर चांगला चालता चालता एकदम मरायचा. मी वरून धावत खाली येईपर्यंत कधी मेलेलाच असायचा, बोर्डावरचं बटण पडलेलं असायचं आणि ते आपोआप पडतं असं मी धरून चालायचो, तर कधी आपोआप पुन्हा उठत असायचा. उठल्यावर डेटाबेस आपल्या अर्धवट राहिलेल्या नोंदी तपासत बसायचा, तेवढा वेळ सगळी शेड हात बांधून उभी. मशीन स्वतःच्या कारभाराची एक नोंद ठेवतं, ती मी वाचून वाचून पाठ केली. तिच्यात कुठलीही तक्रार नव्हती. सगळं ठीक, सगळं ठीक, आणि मग एकदम काहीच नाही. पुढची ओळ थेट उठल्यानंतरची. मला काही कळेना.

शेठ उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये राहतात, रोज सकाळी माझ्याही आधी येतात आणि आवाज कधी चढवत नाहीत. त्यांनी मला वर बोलावून शांतपणे सांगितलं. आमची झाकणं घेणाऱ्या औषध कंपनीची माणसं ऑडिटला येणार होती. ती कुठल्याही एका खोक्यावर बोट ठेवतात आणि त्याचा दाणा कुठून आला ते विचारतात, उत्तर तिथल्या तिथे द्यावं लागतं. शेठ म्हणाले, “ऑडिटपर्यंत सीधा झाला तर ठीक. नाहीतर सिस्टम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकू. मग तुमचं काय ते बघू.”

तुमचं काय ते बघू, याचा अर्थ समजायला मला वेळ लागला नाही. माझी पन्नाशी उलटली आहे. माझ्या डोक्यात जे ज्ञान आहे ते आजकालच्या मुलांना जुन्या टेपरेकॉर्डरसारखं वाटतं. मुलगी अजून शिकते आहे. या नोकरीतून गेलो तर मला दुसरीकडे कोण उभं करणार, हा विचार त्या दिवसापासून मानेवर बसला तो उतरेचना. प्लायवूडच्या भिंतींमुळे आमच्याकडे काही गुपित राहत नाही. संध्याकाळपर्यंत सगळ्या शेडला माहीत झालं होतं की सर्व्हर सुधारला नाही तर सर जाणार.

मग मी झपाटल्यासारखा कामाला लागलो. गंमत अशी की त्या दिवसानंतर सर्व्हर आणखीच जास्त पडू लागला. मी डेटाबेसची मांडणी बदलली, नको ती कामं बंद केली. यूपीएसवाल्याला बदलापूरहून बोलावलं, त्याने बॅटऱ्या तपासल्या आणि माझ्याकडे दयेने पाहिलं. मेमरीवर संशय आला म्हणून ती काढून कॅम्प दोनच्या बाजारात ओळखीच्या दुकानदाराकडे नेली. त्याने ती आपल्या मशीनला लावून दुपारभर चालवली, मला चहा पाजला आणि म्हणाला, “साईं, मेमरी एकदम फर्स्ट क्लास है. आप थोडा आराम करो.” आजाऱ्याला सांगावं तसं सांगितलं त्याने. मी चिडून नवी मेमरी विकत घेतली. दुसऱ्या दिवशी सर्व्हर जेवणाच्या सुट्टीआधीच पडला.

आमच्याकडे एमआयडीसीची सुट्टी शुक्रवारी. शुक्रवारी सर्व्हर एकदाही पडायचा नाही. मी मनात म्हटलं, सापडलं. शेड बंद म्हणजे काम नाही, काम नाही म्हणजे ताण नाही, म्हणजे हा ताणाखाली पडतो. पुढच्या शुक्रवारी मी एकटा कारखान्यात आलो आणि अख्ख्या आठवड्याचं काम त्याच्यावर एका दिवसात लादलं. तो ढिम्म हलला नाही. मशीनं बंद, पंखे बंद, पत्र्यावर कावळे चालल्याचा आवाज, आणि हा आपला आनंदात चाललेला. मी त्याच्याकडे आणि तो माझ्याकडे बघत बसलो. इतका गोंधळ माझा आयुष्यात झाला नव्हता.

शनिवारपासून मी खुर्ची घेऊन आडोशातच जाऊन बसलो. डोळ्यांदेखत पडू दे, मग बघतो. पण मी बसलो की तो पडेना. वर गेलो की पडे. तपासणीच्या टेबलावर बसणाऱ्या ताई दारातून डोकावून म्हणाल्या की तुम्ही असलात की कसा शहाण्यासारखा चालतो. या ताई बदलापूरपलीकडच्या गावातल्या, घरची भातशेती, आणि शेडमध्ये माझ्याही आधीपासून. डब्यात काही वेगळं आणलं की माझ्यासाठी वाटीत काढून ठेवतात. त्यांचं बोलणं मी कौतुक म्हणून घेतलं. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाका. मी हसलो नाही, यावरून माझी अवस्था कळावी.

ऑडिट तोंडावर आलं. अर्थिंगची तार तेवढी तपासायची राहिली होती. जेवणानंतर मी टॉर्च घेऊन आडोशात सर्व्हरच्या टेबलाखाली शिरलो आणि भिंतीकडे तोंड करून तार चाचपू लागलो. दार उघडल्याचा आवाज आला. कोण आहे ते पाहायला वळलो तर साडीचा काठ दिसला. टेबलाच्या कडेने वर पाहिलं, ताई होत्या. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. सर्व्हरच्या मागच्या बाजूला, जिथून गरम हवा बाहेर येते तिथे, त्यांनी तळहात टेकवला. पुटपुटत अंक मोजू लागल्या. सहा-सात म्हणेपर्यंत त्यांनी हात काढला, बोर्डावरचं बटण खटकन बंद केलं, खिळ्यावरचं लाल फडकं काढलं आणि सर्व्हरवर नीट पसरून टाकलं.

टेबलाखाली गुडघ्यांवर बसल्या बसल्या मला सगळं कळलं. तरी विश्वास बसेना.

आमच्या शेडचा एक जुना नियम आहे. पूर्वी कधीतरी एक मोटर तापून जळाली आणि एका माणसाचा हात भाजला. तेव्हापासून शेठनी ठरवून टाकलं की कुठलंही मशीन तापलेलं वाटलं तर त्यावर तळहात ठेवायचा आणि दहापर्यंत मोजायचं. तेवढा वेळ हात ठेववला नाही तर मशीन बंद करायचं, वर लाल फडकं टाकायचं, निवलं की पुन्हा चालू करायचं. कुणीही करायचं, कुणाला विचारायचं नाही. आणि बंद केलं म्हणून कुणाला बोलायचं नाही, कुणी केलं हेही विचारायचं नाही. नव्या माणसाला हे पहिल्याच दिवशी सांगतात. मलाही सांगितलं होतं. पण ते खालच्या मशीनांसाठी, मी वर बसणारा. सर्व्हर खाली आला तेव्हा तोही एक मशीन झाला, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि पडलेल्या सर्व्हरवर सापडलेल्या त्या लाल फडक्याने मी चष्मा पुसून ते पुन्हा खिळ्याला अडकवत होतो.

मी बाहेर आलो. येताना डोकं टेबलावर आपटलं. ताई दचकल्या, पण मला पाहून त्यांच्या चेहऱ्यावर सुटकाच दिसली.

“इथंच व्हय तुमी? तापला व्हता सर. बंद केला.”

तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस माझी झोप उडाली होती ती या बटणापायी. मी विचारलं, रोज तुम्हीच बंद करता का. त्या म्हणाल्या, मी एकटी कशाला, ज्याचा हात लागेल तो करतो, लेबलवाली पण करते, पाळीचे मुकादम पण करतात. मग मला सांगितलं का नाही? त्यांना माझा प्रश्नच कळेना. सांगायचं काय त्यात, वर फडकं तर टाकलेलं असतं. मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या:

“शेठ तुमाला काढनार असं कळलं, तवापासून तर आमी जास्तच बघतो. येता-जाता कोनी ना कोनी हात लावतंच. हा जळला तर तुमचं काय व्हईल?”

मी खुर्चीवर बसलो. रागावायचं कुणावर, ते समजेना. माझी नोकरी वाचवायला सगळी शेड पाळी लावून झटत होती, आणि त्यापायीच माझी नोकरी चालली होती. मला हसू आलं. आपल्यासाठी कुणी इतकं करत असेल, असं मला या शेडमध्ये कधीच वाटलं नव्हतं.

मी त्यांना समजावून सांगितलं की सर्व्हरच्या मागून गरम हवा येणारच, आतलं तापमान पडद्यावर दिसतं, आणि ते ठीक आहे. त्यांनी आकडा पाहिला, मान हलवली, आणि म्हणाल्या की हाताला तर चटका बसतो. शेवटी तडजोड झाली. हात लावून बघायचा, पण बटण बंद करायचं नाही, वर येऊन मला सांगायचं. शिवाय बटणावर मी कुलपाचं झाकण बसवून घेतलं.

मग शेठना सांगायला वर गेलो. सर्व्हरमध्ये दोष नव्हता, खालून बटण बंद होत होतं, आता झाकण बसवलंय, एवढंच सांगितलं. शेठनी पहिला प्रश्न केला, तो मला ठाऊकच होता.

“कोणी केलं?”

एक नाव सांगितलं असतं तर मी त्या क्षणी सुटलो असतो. मी म्हणालो, “शेठ, बंद केलं म्हणून कुणाला विचारायचं नाही, हा तुमचाच नियम आहे.”

शेठनी बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग म्हणाले, “वो मशीन के लिए था.” मी म्हटलं की आपला सर्व्हरही मशीनच आहे. त्यांनी मान हलवली, ती होकाराची की नकाराची ते मला आजही सांगता येणार नाही. मी जायला वळलो तर म्हणाले, “ऑडिट में गिरा तो फिर मैं कुछ नहीं कर सकता.”

ऑडिटपर्यंतचे दिवस मी जिन्यावरच काढले. कुणी ना कुणी वर यायचं, तापलाय म्हणायचं. मी खाली जायचो, मागे तळहात ठेवायचो, ठीक आहे म्हणायचो, मग ती व्यक्ती कामाला जायची. पडद्यावरचा आकडा त्यांना नको होता, माझा हात हवा होता. सर्व्हर पडला नाही. मी मात्र पडायच्या बेतात होतो. अंगात कणकण होती, गोळ्या घेऊन येत होतो आणि सुट्टी मागायची छाती नव्हती. आता सुट्टी मागितली तर शेठना आयतंच कारण मिळेल, असं वाटायचं.

ऑडिटची माणसं आली. त्यांनी एका खोक्यावर बोट ठेवलं. त्या खोक्याचं लेबल ताईंनी माझ्या हातात दिलं, तेव्हा त्यांची बोटं माझ्या कढत हाताला लागली आणि त्या क्षणभर माझ्याकडे पाहत राहिल्या. मी नंबर टाकला. दाणा, मशीन, पाळी, सगळं पडद्यावर आलं. पाहुण्यांनी आणखी काही खोकी विचारली, तीही आली. शेठ त्यांना जेवायला वर घेऊन जाताना माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले की बाहेरच्या कंपनीला नको म्हणून कळवतो.

मी खालीच थोडा वेळ उभा राहिलो, मग पाणी पिऊन माझ्या जागेवर गेलो. खुर्चीच्या पाठीवर लाल फडकं पसरलेलं होतं.

कुणी टाकलं ते मी विचारलं नाही. कॉम्प्युटर बंद केला, डबा पिशवीत घातला आणि भर दुपारी बदलापूरला घरी निघालो. शेडमधून गेटपर्यंत सगळ्यांच्या देखत चालत गेलो, पण मला कुणी काही बोललं नाही.