काविळीचा पाला देणाऱ्या आमच्या बाई

आमच्या थोरल्या जाऊबाई गयाबाई, साऱ्या मोहल्ल्याच्या ‘बाई’, गेल्या, त्या दिवशी नागपुरातल्या लकडगंजच्या घरासमोर इतकी माणसं जमली की वखारीतून लाकूड भरून निघालेल्या बैलगाड्या जागच्या जागी अडल्या. मी पोस्टाच्या खिडकीवर बसणारी बाई, गर्दीला घाबरत नाही. पण ती गर्दी बघून मला रडू आवरेना. त्यातल्या कितीतरी जणांचे डोळे कधी ना कधी पिवळे झाले होते आणि बाईंच्या हातचा पाला पिऊन ते बरे झाले होते, निदान त्यांचं तसं म्हणणं होतं. जो येईल तो विचारायचा, “काय झालं होतं हो बाईले?” माझे थोरले दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो, ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि प्रत्येकाला एकाच शब्दात उत्तर देत होते. “हार्ट.” ... हार्ट नव्हतं. बाई काविळीनं गेल्या. जन्मभर दुसऱ्यांच्या काविळीवर औषध देणारी आपली बायको काविळीनंच गेली, हे दादांच्या तोंडून निघत नव्हतं. आणि ते सगळ्यांना सांगायचंच, असं बाईंनी मला दवाखान्यात बजावून ठेवलं होतं.

मी या घरात आले तेव्हा साठचं दशक निम्मं सरलं असेल. माझं माहेर जरीपटक्याचं, वडील रेल्वेत, आणि मी बी.एस्सी. झालेली, म्हणजे स्वतःला जरा शहाणी समजणारी. लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी पाट्या-वरवंट्याच्या आवाजानं जाग आली. बाहेर येऊन बघते तर ओट्यावर रांग. पिवळ्या डोळ्यांची, सुकलेल्या तोंडांची माणसं, कुणाच्या कडेवर लेकरू, कुणी सायकलला टेकून उभं. वखारींच्या मागच्या मोकळ्या जागेत पावसाळाभर भुईआवळी माजायची. बाई ती मुळासकट उपटून आणायच्या, वाटायच्या आणि ताकात कालवून अनशापोटी प्यायला द्यायच्या. उन्हाळ्यासाठी तीच सावलीत वाळवून ठेवायच्या. फार अशक्त माणूस असेल तर पुनर्नवेचा काढा, आणि अंगात कडकी असलेल्याला इतवारीतून आणलेली कुटकी, जिच्या नुसत्या वासानं माझं तोंड कडू व्हायचं.

ही विद्या सासूबाईंकडून आलेली. त्यांच्या काळी झाडाला आदल्या संध्याकाळी तांदूळ वाहून नेवता द्यायचा, म्हणजे उद्या तुला न्यायला येतो असं आमंत्रण, आणि उपटताना मंत्र म्हणायचा. पुढे घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. देव्हारा गेला, तसे तांदूळ गेले आणि मंत्रही गेला. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, आता काही या पाल्याला गुण येत नाही. तेव्हा बाई या घरात सून म्हणून नव्यानंच आल्या होत्या, पण त्यांनी पदर खोचून ऐकवलं, “मंतर सोडला आम्ही. पाला काहून सोडाचा? त्यानं कोनाचं वाईट केलं?” शनिवारी संध्याकाळी मात्र त्या न चुकता वखारीमागे एक चक्कर मारून यायच्या. काय करून राहिल्या तिथे, असं मी विचारलं की म्हणायच्या, “पाहून येतो वं, उद्या पुरंन का नाही.” त्या झाडाला सांगूनच येत असणार, असा माझा पक्का संशय आहे.

आमचं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, बाई, बऱ्याचदा कावीळ आपली आपणच उतरते, पुस्तकात लिहिलंय. त्या वाटलेला पाला वाडग्यात काढता काढता म्हणायच्या, “मंग तुह्या पुस्तकाले सांग, रविवारी ओट्यावर येऊन बसत जाय.” आमच्या यांना कावीळ झाली तेव्हा तर त्यांनी माझ्या स्वयंपाकघराचा ताबाच घेतला. तेल बंद, तळण बंद, हळदही बंद. सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या कण्या, ताक, मुळ्याचा पाला, दुपारी उसाचा रस. तेही एकट्या यांना नाही, घरातल्या सगळ्यांना. “बिमार मानसासमोर बसून दुसऱ्यानं चमचमीत खाल्लं, तर त्याचं मन भाजीतच राह्यते.” माझा नुसता जळफळाट. पुढे हे बरे झाले. पाल्यानं झाले, पथ्यानं झाले की नुसत्या पडून राहण्यानं, हा वाद आमच्यात शेवटपर्यंत मिटला नाही, आणि तो मिटावा अशी दोघींची इच्छाही नव्हती.

त्यांच्या बाजूनं एक गोष्ट मात्र मी तेव्हाही मानत होते. आलेल्याचं पोट फुगलेलं दिसलं, पायावर सूज असली किंवा माणूस भलतंसलतं बरळायला लागला, की त्या पेला त्याच्या हाती जाऊ द्यायच्या नाहीत. “हे माह्या पाल्याचं काम नोय. आताच्या आता डाक्टरकडे न्या.” लोक पाया पडायचे, रडायचे, एकदा तर एक गृहस्थ लांबून आलो म्हणून ओट्यावर हटून बसले. बाईंनी शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली, त्यांना हाताला धरून उठवलं आणि स्वतः बरोबर बसून दवाखान्यात नेलं. इतकं ज्यांना कळत होतं, त्यांना स्वतःच्या वेळी का कळू नये? हा प्रश्न आजही मला सोडत नाही. रागही येतो. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण मी रागावते.

उत्तर मला अर्धंमुर्धं ठाऊक आहे. आमच्याकडे लोक औषधापेक्षा देणाऱ्याचा हात मानतात. ज्याच्या हाताला गुण, त्याला तो आजार शिवतच नाही, अशी समजूत. मंत्र सोडल्यावर बाईंकडे हा हातच काय तो उरला होता. मंत्राविना पाला चालतो हे त्यांनी साऱ्या मोहल्ल्याला दाखवून दिलं होतं. आता त्यांचेच डोळे पिवळे झालेले लोकांना दिसले असते, तर त्या म्हाताऱ्यांचं म्हणणं खरं ठरलं असतं. देवधर्म टाकला म्हणून भोवलं, असं कुणी म्हणेल, याची त्यांना मरणाहून जास्त भीती होती. हे त्यांनीच मला पुढे सांगितलं.

आम्ही तोवर नंदनवनला राहायला गेलो होतो. पंधरवड्यातून एखादी फेरी व्हायची. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले, तर बाई चेहऱ्याला आणि हातांना हळद लावून बसलेल्या, डोळ्यांवर दादांचा काळा चष्मा. मी हसले. “काय बाई, या वयात हळद? दादांना दुसऱ्यांदा नवरदेव करता की काय?” त्याही हसल्या. म्हणाल्या, “उन्हानं कातडी जळून राहिली, म्हून लावली. अन् डोळे आले माहे, जवळ नको येऊ.” पुढच्या वेळी गेले तेव्हाही हळद होती, चष्मा होता, आणि रविवारचा पाला वाटणंही चालूच होतं. त्या वाळल्यासारख्या दिसत होत्या. मी म्हटलं, डॉक्टरला दाखवा. “डोळ्यासाठी कोनी डाक्टरकडे जाते का?” असं म्हणून त्यांनी मला ज्वारीच्या कण्या बांधून दिल्या.

त्यानंतरच्या फेरीला दुपारची वेळ होती. नागपूरचा उन्हाळा काय असतो ते वाचकांना मी सांगायला नको. पत्रे तापलेले, बाई चुलीपुढे, घामानं निथळलेल्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं. पदर पिवळा झाला ... आणि चेहराही पिवळाच राहिला. मी चष्मा काढून घेतला. त्यांनी विरोध केला नाही, फक्त मान खाली घातली. डोळे हळदीहून पिवळे होते. लुगड्याखाली पोट वर आलेलं मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मी ओरडलेच, “बाई, कधीपासून?” त्या म्हणाल्या, “हळू बोल वं. बाहेर लोक हायेत.” बाहेर एक जोडपं लेकराला घेऊन पाल्यासाठी आलं होतं. नंतर कळलं, सगळी थंडी बाई आपलाच पाला, आपलाच काढा घेत होत्या, तोही दादांच्या नकळत.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की लिव्हर पार गेलं आहे, आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. पाल्यानं बिघडलं का, असं दादांनी विचारलं. त्या म्हणाल्या, ते मी सांगू शकत नाही, पण वेळ गेला त्यानं बिघडलं. दादा गिरणीत उमर घालवलेले, आवाजाची सवय असलेले गृहस्थ; त्यांना तिथल्या शांततेत उभं राहवेना, ते जिन्यावर जाऊन बसले. पोटातलं पाणी काढत, पुन्हा भरे. भेटायला येणाऱ्या बायका पिशवीतून काही ना काही आणत. कुणी एरंडाच्या पाल्याचा रस, कुणी कोरफड, कुणी औषधाच्या दुकानातली लिव्हरच्या टॉनिकची बाटली. आता बाईंच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. तरी त्या प्रत्येकीचा हात हातात घेत आणि बाटली उशाशी ठेवून देत. आलेल्यांना काय झालं म्हणून सांगायचं, तर “पोटाचं ऑपरेशन.” तेही दादांनीच ठरवलेलं.

शेवटच्या दिवसांतली एक सकाळ. मी त्यांचे केस विंचरत होते. त्या एकदम म्हणाल्या, “सुधा, मी गेली का लोकायले सांगजो मले काय झालं होतं ते.” मी म्हटलं, असं काय बोलता. “ऐक माह्यं. मी लपवलं. मी दुसऱ्यायले दवाखान्यात धाडत होती, अन् स्वतः हळद लावून बसली. माह्या नावासाठी बसली. आता रविवारी कोनी येईन, त्याले वाटन पाला पेला का झालं. बाईले तं काहीच नाही झालं ... असं वाटन त्याले.” मग बराच वेळ धाप लागली. “तुह्या दादाले जमनार नाही. तू सांगजो.” मी हो म्हटलं. वाद न घालता मी त्यांचं ऐकलं, असं बहुधा पहिल्यांदाच झालं.

आणि ते सांगणं किती अवघड! अंत्ययात्रेच्या दिवशी “हार्ट” ऐकून मी गप्प राहिले, कारण दादांचा चेहरा बघवत नव्हता. नंतर मी त्यांच्याजवळ विषय काढला, पेपरात लिहीन म्हटलं. ते भडकले. “तिची अब्रू चव्हाट्यावर आनतं का? लोक म्हनतीन, देनारीलेच लागली नाही दवा. तिनं आयुष्यभर केलं ते मातीत घालतं?” मी म्हटलं, दादा, त्यांनीच सांगितलंय. ते म्हणाले, “बिमारीत मानूस काहीबी बोलते.” आणि उठून आत गेले. मला त्यांचा मात्र राग आला नाही. दादांचं प्रेम त्या एका इंग्रजी शब्दाआड लपून बसलं होतं, एवढंच.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम सकाळीच लकडगंजला गेले. पाटा उभा करून ठेवलेला, घर सुनं. तेवढ्यात वाठोड्याकडून एक तरुण बाई आली, कडेवर मुलगी, मुलीचे डोळे पिवळेधमक. तिला काही ठाऊक नव्हतं. “बाई कुठी हायेत?” दादा दारातच उभे होते. म्हणाले, “नाही आता. गेली ती.” तिनं तोंडावर हात ठेवला. मग तोच प्रश्न. “काहून? काय झालं होतं?”

मी तोंड उघडणार होते. पण दादा त्या मुलीकडे बघत राहिले होते. ती आईच्या खांद्यावर मान टाकून पडली होती आणि तिचं पोट, इवलंसं पोट, झग्याखाली तट्ट फुगलेलं होतं.

“काविळीनं,” दादा म्हणाले. मग पुन्हा म्हणाले, “माही बायको काविळीनं गेली. लपवून ठेवली तिनं. घरीच पाला पेत राहिली, अन् दवाखान्यात न्याले उशीर झाला.”

ती बाई रडायलाच लागली. “मंग माह्या पोरीले आता दवा कोन देईन?”

“इथं कोनी नाही. दवाखान्यात चाल, मी येतो संगं.” त्यांनी खुंटीवरचा सदरा काढला. घाईत बटणं लागेनात, ती मी लावून दिली. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, “तुले लिहाचं होतं न? लिही. सगळं लिही.”

म्हणून लिहिलं. परवा एक जण सांगत होता, लकडगंजात बाईंचा पाला आता बंद झाला, पण रविवारी पहाटे दादा ओट्यावर येऊन बसतात, कुणाला दार वाजवावं लागू नये म्हणून. कुणी आलं की उठून उभे राहतात. “माही बायको काविळीनं गेली,” असं आधी सांगतात, आणि मग चपला शोधायला लागतात.