डोळे नसलेली जलपरी

मूर्तीच्या कारखान्यात दोन गोष्टी कितीही झाडा, संपत नाहीत. एक पॉलिश पेपरने उडणारी पांढरी भुकटी, आणि दुसरी गिऱ्हाइकांची अक्कल. भुकटी निदान ओल्या फडक्याने निघते! अक्कल मात्र किस्से होऊन कोपऱ्याकोपऱ्यात साठून राहते. गिरणी बंद पडली तेव्हापासून मी लालबागच्या या कारखान्यात मूर्ती घासतोय. शाळा तिसरीत सुटली, त्यामुळे घाई कशी करतात ते शिकायचं राहूनच गेलं. हात घासतात, कान ऐकतात. त्यातल्या एका जलपरीचं ऐका.

पण आधी घरातली भानगड सांगायला हवी.

मालक वसंता. माणूस मालवणी, हात सोन्याचा. मूर्तीचे डोळे सगळ्यात शेवटी काढतात, त्याला आखणी म्हणतात. डोळे आखले की माती बघायला लागते. आमच्या कारखान्यातल्या प्रत्येक मूर्तीचे डोळे तीस वर्षं वसंताच्या बायकोने, मंदावहिनींनी आखले. दुपारी जेवणंखाणं आटपली की पडद्यामागे बसून. आमच्या चाळीतल्या विहारात बुद्धमूर्ती आहे, तिच्या मिटत आलेल्या पापण्याही त्यांच्याच. पडद्याच्या पुढे मात्र वसंता सांगायचा, "डोळे? डोळे मीच काढतो!" मला सगळं ठाऊक. पण मी मूर्ती घासत राहिलो. घासताना तोंड बंद ठेवावं लागतं, भुकटी जाते, हे कारण मला फार सोयीचं होतं.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी मोबाइलवर व्हिडिओ काढायला आली. म्हणाली, "काका, या डोळ्यांत एवढी माया कुठून येते हो?"

वसंता कॅमेऱ्यात बघून म्हणाला, "घराण्याची देणगी आहे."

वहिनी हातभर अंतरावर चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, ब्रश धुतला, पदराला हात पुसले.

"माझं घराणं गिरगावात राहतं," त्या म्हणाल्या. "मी तिकडेच जाते."

आणि गेल्या! त्या वर्षी आखणीला बाहेरून आर्टिस्ट आणला. डिग्रीवाला. सगळे बाप्पा लाइट बिल हातात पडल्यासारखे बघत होते.

* * *

त्या हिवाळ्यात एका बिल्डरची ऑर्डर आली. जुन्या गिरणीच्या जागी टॉवर, टॉवरच्या सातव्या मजल्यावर स्विमिंग पूल, आणि पूलच्या काठावर जलपरी हवी. "मेडिटेरेनियन फील आला पाहिजे," म्हणाला. ज्या जागी आम्ही पाळीचा भोंगा ऐकत धावायचो, तिथे आता फील येणार होता.

वसंताने शाडूचा चेहरा करायला घेतला. मी बाजूला बसून बघत होतो. हनुवटी झाली आणि मी ओळखलं. मंदावहिनी! माणसाचा हात जो चेहरा ओळखतो तोच करतो.

"काय बघतोस, आबा?" वसंताने विचारलं.

"काय नाय. हनुवटी बरी जमलीय."

त्याने हनुवटीवरून ओला अंगठा फिरवला. मग म्हणाला, "हिचे डोळे कोरे राहू देत. दुसऱ्या कुणाचा ब्रश हिला लागणार नाही."

जलपरी फायबरमध्ये ओतली, शेपटीला हिरवा-निळा रंग मारला. बिल्डर बघायला आला तो वास्तुतज्ज्ञाला घेऊन. तज्ज्ञांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मान हलवली. "अर्धी बाई, अर्धा मासा. वास्तूत अर्धवट काही नको. पाय लावता येतील का?"

वसंता म्हणाला, "येतील की. पण पाय लावले तर ती बाई होईल साहेब."

"मग?"

"मग ती तुमच्या पूलवर बसून कशाला राहील? निघून जाईल!"

ऑर्डर गेली. परी आमच्याकडेच राहिली.

* * *

पुढच्या गणपतीला एका मंडळाने समुद्राच्या तळाचा देखावा केला आणि परीला भाड्याने नेलं. बिल्डरकडे ती लक्झरी होती. मंडळात पोचेपर्यंत तिची संस्कृती झाली.

अध्यक्ष म्हणाले, "लेडीज दर्शनाला येणार. हिला नऊवारी नेसवा."

मी म्हटलं, "साहेब, कासोट्याला दोन पाय लागतात."

अध्यक्षांनी शेपटीकडे पाहिलं. कार्यकर्त्यांनीही पाहिलं. एवढ्या मोठ्या कमिटीत ही गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती! शेवटी एक जरीचा शालू आणून तिला गळ्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत गुंडाळली. आता मासा दिसेना. उरली ती कोऱ्या डोळ्यांची, शालू नेसलेली बाई.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी तिच्यापुढे हात जोडले. तिसऱ्या दिवशी बायका खण-नारळ घेऊन ओटी भरायला रांगेत उभ्या! एका म्हातारीने विचारलं, "देवीचे डोळे असे कोरे कसे हो?"

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. "जागृत आहे, आजी. डोळे काढले तर नजर सहन होणार नाही."

मी हे वसंताला येऊन सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "खरंय. गेल्या वर्षी मलाही सहन झाली नव्हती."

* * *

मग दादरचा एक टूरवाला आला. त्याला थायलंडच्या सहलींच्या स्टॉलवर परी ठेवायची होती. तो सांगायला लागला, "तिकडच्या रामकथेत सोन्याची मत्स्यकन्या आहे. हनुमान सेतू बांधत असतात, ती दगड पळवते, आणि मग दोघांचं जमतं! मुलगाही आहे त्यांना."

आमच्या शेजारी व्यायामशाळा आहे. तिथले पहिलवान, वय सत्तर, दारात चहा पीत होते. त्यांनी कप तोंडाशी धरूनच मान वळवली. टूरवाल्याने एक पाऊल मागे घेतलं. पहिलवानांनी कप संपवला, मिशी पुसली आणि अगदी शांतपणे म्हणाले,

"तिकडे असेल. इथे दर शनिवारी आम्ही मारुतीच्या देवळात जातो ना, एकटाच असतो."

टूरवाल्याने परी नेली, पण शनिवारच्या आत परत आणून दिली.

* * *

रे रोडला एक दोस्त राहतो माझा, जहाजावर होता चाळीस वर्षं. अधूनमधून येऊन बसतो. परीला बघून म्हणाला, "गोरे खलाशी हिला फार घाबरायचे, आबा. म्हणायचे, ती गायली की माणूस भान विसरतो आणि जहाज खडकावर फुटतं."

"आणि तुम्ही? तुम्ही नाही ऐकलं कधी?"

"आम्ही खाली इंजिनरूममध्ये! तिथं कॅप्टनचं ऐकू यायचं नाही, हिचं कुठून येणार?"

तेव्हा मला कळलं. मोहात पडायलाही वरच्या डेकची नोकरी लागते.

* * *

यंदा पावसाळ्याच्या आधी गिरगाव चौपाटीवर समुद्र वाचवण्याचा कार्यक्रम होता. परीला प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून वाळूत बसवायचं होतं. कार्यक्रमाच्या मॅडम फार हुशार. कोरे डोळे बघून त्यांचा आनंद मावेना. "वॉव! समुद्र आंधळा झालाय! तुम्ही हे मुद्दाम केलंत?"

"नाही, घरगुती अडचण आहे," मी म्हणालो.

आणखी एक शंका होती, ती हळूच काढली. "मॅडम, फायबर म्हणजे प्लास्टिकचीच बहीण. हीच जर वाळूत बसून प्लास्टिक नको म्हणाली…"

"काका, कॉन्सेप्ट समजून घ्या."

मी कॉन्सेप्ट समजून घेत उभा राहिलो. भाषणं झाली, फोटो झाले. मग परीला ओरखडा पडू नये म्हणून मॅडमनी तिला नखशिखांत बबल रॅपमध्ये बांधली. दोन थर!

वसंता त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. मंदावहिनींचं माहेर तिथून दहा मिनिटांवर. संध्याकाळी त्या आईला घेऊन चौपाटीवर येतात, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो भाषणांकडे पाठ करून रस्त्याकडे बघत बसला. दिवे लागले, भेळवाल्यांच्या गाड्या भरल्या. वहिनी काही आल्या नाहीत.

टेम्पोत बसताना मी म्हटलं, "फोन कर ना रे एकदा."

"फोनवर काय सांगू?"

"खरं सांग."

तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "ते सोडून काय सांगू?"

* * *

गेल्या महिन्यात प्रभादेवीचा एक हॉटेलवाला आला. मच्छीचं हॉटेल, धंदा जोरात. त्याला परी भाड्याने नको होती, कायमची हवी होती. दारात उभी करायची, हातात ताट, ताटात तळलेली सुरमई.

बाजूच्या गल्लीत पापलेट विकणारी कोळीण आमच्याकडे पाणी प्यायला आली होती. तिने तांब्या खाली ठेवून विचारलं, "म्हंजे ही आपल्याच भावाला तळून वाढणार की काय रं?"

हॉटेलवाला हसून म्हणाला, "मावशी, मार्केटिंग आहे ते!"

मग वसंताकडे वळला. "डोळ्यांचं टेन्शन घेऊ नका. आमचा पेंटर आहे. जरा मस्त डोळे काढू, एक डोळा मारलेला. रस्त्यावरचं गिऱ्हाईक आत आलं पाहिजे!"

वसंताने हातातलं फडकं खाली ठेवलं. परीच्या तोंडाकडे पाहिलं. मग मला म्हणाला, "आबा, टेम्पो बोलव."

हॉटेलवाला खूश! "वा! डिलिव्हरी आजच?"

"आजच," वसंता म्हणाला. "गिरगावला."

* * *

गिरगावातली ती चाळ तीन मजली, मधे चौक. आम्ही परीला उतरवून चौकात ठेवली, दुपारची वेळ. एकेका दारातून माणूस बाहेर आलं आणि बघता बघता तिन्ही गॅलऱ्या भरल्या. दुसऱ्या मजल्यावर एक बारकी म्हातारी कठड्याला टेकून उभी होती. मी टेम्पोवाल्याच्या कानात म्हणालो, "ही कोण असेल रे? नजर लई कडक."

वरून उत्तर आलं, "मंदाची आई! आणि नजर नाही, चष्मा कडक आहे!"

मी टेम्पोची दोरी गुंडाळायला लागलो.

पहिल्या मजल्यावरून एक बाई ओरडली, "अगं बाई, ही तर आपली मंदा!" मग चाळीला दुसरं काही दिसेना. कुणी म्हणालं हनुवटी, कुणी म्हणालं कपाळ. वसंता मान खाली घालून उभा. बिल्डर, अध्यक्ष, मॅडम, सगळ्यांपुढे छाती काढून उभा राहणारा माणूस! शर्टाच्या बटणाशी खेळत होता.

मंदावहिनी खाली उतरल्या. एकेक पायरी, सावकाश. परीच्या समोर उभ्या राहिल्या. शेपटी बघितली, हात बघितले, आणि शेवटी चेहरा बघितला. चेहऱ्यावरून त्यांची नजर हलेना.

"डोळे कुठायत?" त्यांनी विचारलं.

"राहिलेत," वसंता म्हणाला.

"दोन वर्षं?"

"दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही."

वहिनींनी हात पुढे केला. मी पिशवीतून रंगाची वाटी आणि ब्रश दिला. त्यांनी श्वास रोखला आणि उजवा डोळा आखला. वरची पापणी एका दमात, खालची दुसऱ्या दमात, मग बुबुळ, मग त्यात सुईएवढा पांढरा ठिपका. चाळीत पाण्याचा नळ तेवढा वाजत होता. डोळा उघडला आणि पहिल्या मजल्यावरची ती बाई उगीचच मागे सरकली.

वहिनींनी ब्रश उलटा धरून वसंतापुढे केला.

"घ्या. डावा तुम्ही आखा."

वसंताने ब्रश घेतला. वाटीत बुडवला. परीच्या गालापर्यंत नेला. ज्या हाताने पंधरा-पंधरा फुटी मूर्ती उभ्या केल्या, तो हात तिथे अडला. तिन्ही मजले बघत होते. एक बुबुळही बघत होतं. त्याने ब्रश खाली घेतला.

"मला आखणी येत नाही," तो पुटपुटला.

दुसऱ्या मजल्यावरून आवाज आला, "काय म्हणाले जावई?"

वसंताने मान थोडी वर केली. "मला डोळे आखता येत नाहीत."

"वारा आहे हो! इथवर पोचत नाही!"

पानही हलत नव्हतं. वसंताने वहिनींकडे पाहिलं. त्या परीच्या शेपटीवरची धूळ पदराने पुसत होत्या. मग त्याने छाती भरून घेतली आणि पूर्ण आवाजात ओरडला, "तीस वर्षं सगळे डोळे मंदाने आखले! मी खोटं सांगत आलो!"

चौक घुमला. कबुतरं उडाली. म्हातारीने मान डोलावली, चष्मा पुसला, परत लावला. मग कठड्यावरून अर्धी बाहेर वाकून, वर तोंड करून विचारलं,

"तिसरा मजला, आलं का ऐकू?"