चांदमारी आप्पा

फुगलेली वस्तू दिसली की आप्पाचा हात स्वस्थ बसत नसे. पंगतीत टम्म पुरी वाढली, तर तो आधी ती कानाशी नेई, हवा सुटतेय का ते ऐके आणि मगच तिचा घास करी. सायकलची ट्यूब, पाण्याची पखाल, बाळंतिणीच्या पोराचे गाल, सगळ्यांना त्याचा अंगठा लागलेला. एकदा मामलेदारसाहेब गावात आले असताना आप्पा त्यांच्या पोटाकडे अशा काही नजरेनं बघू लागला की मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. आप्पा जाऊनही आता बरीच वर्षं झाली, पण पुरी फुगली की आमच्या घरात आजही त्याचं नाव निघतं.

हा नाद त्याला आरमारात लागला. आमच्या गावचा, तापीकाठचा हा भोई मोठ्या लढाईच्या दिवसांत मुंबईला गेला आणि आरमारात चिकटला. तिथे नव्या गोलंदाजांना चांदमारी शिकवत, म्हणजे नेम धरून गोळे मारायला. त्यासाठी रबरी कापडाचं, बैलगाडीएवढं एक निशाण हवा भरून समुद्रात सोडत, त्यावर काठी आणि लाल फडकं लावत, आणि लांब दोरानं ते बोटीमागे ओढत नेत. गोलंदाज त्यावर गोळे झाडत. संध्याकाळी ते निशाण ओढून आणायचं आणि फुटलेल्या गोळ्यांच्या कपच्यांनी पडलेली भोकं ठिगळं लावून बुजवायची, हे आप्पाचं काम. “आख्खं आरमार गोया झाडे,” तो सांगे, “आन मी भोकं बुजत ऱ्हाऊ. गोलंदाज चुकना का माले बरं वाटे. पन तसं बोलता येये नही.”

लढाई संपली. सगळे शिपाई येताना घड्याळं, कोट, बूट घेऊन आले. आप्पा भंगारात काढलेलं एक निशाण मागून घेऊन आला. रेल्वेनं नंदुरबारपर्यंत, तिथून बैलगाडीनं, मग नावेतून, असं ते गाठोडं गावात पोहोचलं. लोहाराचा भाता लावून त्यानं ते पाराजवळ फुगवलं तेव्हा आख्खा गाव गोळा झाला. अंगभर ठिगळं, मध्ये काठी, काठीला लाल फडकं. मी त्या वेळी सातवी पास होतो, म्हणजे गावात मला न कळणारी गोष्टच नव्हती. मी त्या निशाणाला ‘आप्पाची रबरी म्हैस’ म्हटलं आणि ते नाव गावभर झालं. आप्पा रागावला नाही. “बापू,” तो म्हणाला, “मार खावाना आन तरंगत ऱ्हावानं. निशाणनं काम तेच शे.” मला वाटलं, हा आपल्याच कामाचं कौतुक सांगतोय.

पुढच्याच आषाढात माझं लग्न ठरलं. मुलगी रनाळ्याची, म्हणजे तापीच्या पलीकडची. चातुर्मासाआधीचा तो शेवटचा मुहूर्त होता, गोरजाचा. सासरे करड्या स्वभावाचे. त्यांनी बैठकीतच बजावलं होतं, “मुहूर्त टळना ते मी थांबाव नही. मांडवमा दुसरा पोऱ्या उभा करसू.” तो दुसरा पोऱ्या कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्याच गल्लीतला, उंच, गोरा, आणि मुख्य म्हणजे नदीच्या त्याच बाजूला राहणारा. मला मात्र मुलगी मनापासून आवडली होती. बघायला गेलो तेव्हा मी चहा बशीऐवजी धोतरावर ओतला आणि ती हसू दाबत होती. तेवढ्यावर मी सहा महिने काढले होते.

लग्नाच्या सकाळी वऱ्हाड नदीवर आलं आणि पाहिलं तर वरच्या अंगाला पाऊस होऊन तापी दुथडी भरलेली. नावाडी नाव सोडायला तयार होईना. जड नाव धारेत आडवी झाली तर सगळे जातील, असं त्याचं म्हणणं. पलीकडे रनाळ्याच्या गाड्या उभ्या दिसत होत्या. मी बाशिंग बांधून चिखलात उभा, आणि डोळ्यांपुढे तो उंच, गोरा पोऱ्या.

तेवढ्यात आप्पा आणि त्याचे दोन पुतणे ती रबरी म्हैस डोक्यावर घेऊन आले. नदीकाठी जन्मून मला पोहता येत नव्हतं, आणि जिला मी म्हैस म्हटलं तिच्या पाठीवर बसायची पाळी आली होती. “हलकं शे, पानीवर ऱ्हास,” आप्पा म्हणाला. “नवरदेव, बठ.” मी बसलो. डोळे मिटून ज्या देवांची नावं घेतली, त्यांतले काही आमच्या कुळातले नव्हतेच.

मधल्या धारेत बुडाखाली सुर्र आवाज आला. एक ठिगळ सुटलं होतं. आप्पानं वल्हं न थांबवता मागे पाहिलं. “त्यावरच बठ. दाबीसन बठ. हालू नको.” महिनाभर गावोगाव केळवणं जेवून मी जे वजन कमावलं होतं, ते आयुष्यात त्या एकदाच कामी आलं. मुंडावळ्या भिजून नाकावर चिकटल्या, जरीचं उपरणं वाहून गेलं, पण मी भोक सोडलं नाही.

पलीकडे निशाण चिखलात रुतलं, काठापासून चार हातांवर. सासरे स्वतः पाण्यात उतरून हात द्यायला आले. मी उठेना. उठलो असतो तर हवा जाऊन निशाण तिथेच बसलं असतं, आणि बाकी वऱ्हाड अजून अलीकडेच होतं. पण सासऱ्यांना काय दिसलं? जावई रुसला. आमच्याकडे नवरदेव रुसून बसतो, मग त्याला काहीतरी कबूल करून उठवतात, ही रीतच आहे. त्या करड्या माणसानं कमरेएवढ्या पाण्यात हात जोडले. “जवाईबुवा, काय पाहिजे ते सांगा.” मी बोलणार काय? दातांवर दात आपटत होते. आप्पाच म्हणाला, “सायकलना पंप व्हई का?” सासऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि जाहीर केलं, “पंप कसाले? आख्खी सायकल दिसू.” अशी मला सायकल मिळाली. ठिगळावर आप्पाचा तळवा येईपर्यंत मी तसाच बसून होतो, आणि रनाळ्यात माझी हट्टी म्हणून कीर्ती झाली ती कायमची.

ठिगळ दोरीनं आवळून आप्पानं माझे वडील, भटजी, करवल्या अशा खेपा केल्या. शेवटी वाजंत्र्यांचा ढोल अलीकडे राहिला, म्हणून पुन्हा गेला. आम्ही तोवर गाड्या जुंपून निघालो. लग्न गोरजावर लागलं, नुसत्या सनईवर. आप्पा मांडवात आला तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. ढोल पाठीला बांधलेला, दोघेही निथळत. मी विचारलं, “निशाण?”

“गयं,” तो म्हणाला. वाहत आलेलं झाड लागलं, उभं फाटलं. “समुद्रनं व्हतं. तापीबी समुद्रलेच जास.” मग तो पंगतीला बसला, पण पानाला हात लावला नाही. आम्ही सगळे त्याला आग्रह करत होतो आणि माझ्या सायकलीवरून हसत होतो.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं, नावाड्यानं नाव सोडली. वऱ्हाड माझी थट्टा करत होतं. नावेच्या टोकाला आप्पा एकटाच पाठ करून बसला होता, तोंड सुरतेच्या बाजूला, जिकडे पाणी जातं तिकडे. त्याचे खांदे हलत होते. माझ्याखेरीज ते फक्त नवरीनं पाहिलं. तिनं पदराआडून हळूच विचारलं, “त्या आप्पा कसाले रडी ऱ्हायनात?”

“पाणी उडालं असेल,” मी म्हणालो. बायकोशी मी बोललेलं ते पहिलं वाक्य.