तीन दिवस पानी नाय

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की ती आधी केसांचं टोक चिमटीत धरायची, उजेडाकडे न्यायची आणि म्हणायची, "केस हायेत का खराटा गो?" बाई हिरमुसली की लगेच, "बस, बस. आरसा लाजंल असे करते."

मुरबाडच्या एसटी स्टँडमागे आमचं पार्लर. दोन खुर्च्या, एक तिची, एक माझी. धसई-वैशाखऱ्याच्या मुली लग्नाआधी केस सरळ करायला, केराटिन करायला, तिच्याकडेच यायच्या. क्रीम लावलेल्या केसांवर गरम प्रेस फिरली की असा धूर उठायचा, डोळ्यांतून पाणीच. खिडकी नव्हती. निघताना प्रत्येकीला तिची ताकीद ठरलेली: "तीन दिवस पानी नाय. भिजलं तर सगळं मातेरं, मग माझ्या नावानं बोंबलू नको."

आता गंमत ऐका. जगाचे केस सरळ करणारी ही बाई स्वतः कमालीची कुरळी. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूनं तिला 'झिपरी' म्हटलं, आणि पंचवीस वर्षांत दुसऱ्या नावानं हाक मारली नाही. आळीतली पोरंही झिपरीकाकू म्हणायची. ती हसायची. मीही हसायचे, जीभ झडायला हवी होती मज मेलीची.

"तू कर की एकदा," मी म्हणायचे.

"पोरीच्या लग्नात करीन. मांडवात सगळी इचारतील, झिपरी कुठं गेली?"

तोवर खोकल्यानं तिला धरलं होतं. डॉक्टर म्हणाले, पार्लरच्या धुरातलं काम सोडा. ती मला म्हणाली, "लग्न होऊ दे, मग सोडते."

लग्नाला आठवडा उरला तेव्हा मी शटर अर्धं ओढून तिला खुर्चीत बसवलं. चार तास त्याच धुरात गेले. वर चकाकीला ग्लॉस, शेवटी सीरम. केस पाठीवर सळसळत उतरले. आरशात बघत तिनं स्वतःच्या केसांचं टोक चिमटीत धरलं, उजेडाकडे नेलं. मग हळूच म्हणाली, "ही कोन गो?"

"तीन दिवस पानी नाय हां," मी तिचीच नक्कल केली. दोघी हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा श्वास अडकला. कल्याणला नेताना जीपमध्येच गेली.

दुपारी अंगणात बायका तिला शेवटची आंघोळ घालायला बसल्या. सासूनं डोक्यावर तांब्या ओतला आणि मी किंचाळले, "पानी नाय! तीन दिवस पानी नाय!" बायका वेडी समजून माझ्याकडे बघत राहिल्या. तिच्या लेकीला तेवढं कळलं. तिनं हंबरडा फोडला.

पाणी पडतच राहिलं. एकेक बट आखडली, वळली, होती तशी झाली. सासू त्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, "झिपरी ती झिपरीच." ती रडत होती की काय, देव जाणे. मला तिचा गळा धरावासा वाटला.

पार्लर आता मी एकटीच चालवते. धूर तोच, खिडकी अजून नाही. मुली निघताना विचारतात, "ताई, केस कधी धुवायचे?" ते चार शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. कागदावर लिहून आरशाला चिकटवलेत. मी नुसतं बोट दाखवते.